निर्वासितांसाठी पोस्ट लिहिताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

निर्वासितांच्या बाजूने लिहायला बसलेला माणूस सहसा आधी विचारतो, ही पोस्ट किती लोकांपर्यंत जाईल? त्याआधीचा प्रश्न असा, की ही पोस्ट नको त्या माणसाच्या हाती पडली तर भोगायला कोणाला लागेल? तुम्हाला फार तर चार शिव्या पडतील. ज्याचा फोटो लावला त्याची मात्र भाड्याची खोली सुटू शकते, रोजगार जाऊ शकतो, मागे गावात राहिलेल्या भावाच्या दारात सैनिक उभे राहू शकतात. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं या एका प्रश्नातून आलेलं आहे. उदाहरणं मुख्यतः भारतात राहणाऱ्या निर्वासितांची आहेत, कारण मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून भलंबुरं सर्वांत आधी त्यांचंच होऊ शकतं.

पहिलं काम: शब्द आणि कायदा

छळाच्या किंवा युद्धाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडलेला माणूस निर्वासित. घर सुटलं पण देश सुटला नाही, तो अंतर्गत विस्थापित. २०२४ अखेर जगात सक्तीने घर सोडावं लागलेले १२.३२ कोटी लोक होते आणि त्यांतले ७.३५ कोटी आपापल्या देशातच विस्थापित होते. ‘जगात बारा कोटी निर्वासित’ असं लिहिलंत की पहिल्याच ओळीत पकडले जाता. कोणत्याच देशाचं नागरिकत्व नसलेला राज्यविहीन. रोहिंग्या, म्हणजे म्यानमारमधला मुस्लिम अल्पसंख्याक समाज, निर्वासितही आहेत आणि बहुतांशी राज्यविहीनही, कारण म्यानमारच्या १९८२च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना बाहेर ठेवलं.

मराठीत ‘निर्वासित’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. १९४७नंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. त्याचंच पुढे उल्हासनगर झालं आणि पत्त्यात ‘कॅम्प नंबर ३’ आजही लिहितात. पण तिथल्या तिसऱ्या पिढीला निर्वासित म्हटलेलं आवडेलच असं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. मराठी वाचकाला विषय जवळचा वाटावा म्हणून ही नावं जरूर वापरा. फक्त ‘तेव्हाचे चांगले, आताचे वाईट’ किंवा त्याच्या उलट अशी तुलना करू नका. कमेंटमध्ये भांडण तिथूनच पेटतं.

कायद्याबद्दल चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर किंवा १९६७च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था दिल्लीतून करते आणि त्यांना कार्ड देते. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. १ सप्टेंबर २०२५पासून परकीयांना लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५. मात्र राज्यघटनेची कलमं १४ आणि २१ ‘व्यक्ती’साठी आहेत, केवळ नागरिकांसाठी नाहीत, आणि अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला त्यांच्या जिवाचं रक्षण करायला सांगितलं होतं. ‘कार्ड आहे म्हणजे सरकारची परवानगी आहे’ असं लिहू नका. ते खोटं ठरतं आणि त्याची किंमत कार्डवाला मोजतो.

खातं: उघडण्याआधी बंद करायच्या गोष्टी

नव्या खात्यासाठी वेगळा मोबाइल नंबर घ्या. खातं उघडताना ॲप ‘कॉन्टॅक्ट्स सिंक करू का’ विचारतं, तिथे ठाम नाही म्हणा. तुमच्या फोनमध्ये दहा निर्वासितांचे नंबर असतील आणि ते अपलोड झाले, तर ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ या यादीत ते एकमेकांना आणि तिऱ्हाइतांनाही दिसू लागतात. आधीच सिंक झालं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन अपलोड झालेले कॉन्टॅक्ट काढून टाका.

ज्यांच्यासाठी लिहिता त्यांना त्या खात्यावरून फॉलो करू नका, टॅग करू नका. द्वेष पसरवणारे लोक पोस्ट कमी वाचतात, फॉलोइंगची यादी जास्त वाचतात.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. स्वयंसेवक आणि निर्वासित कुटुंबं एकाच ग्रुपमध्ये घालणं ही नवख्यांची ठरलेली चूक. कुटुंबांना निरोप द्यायचे तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. अट एवढीच, की तुमचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोहोचतच नाही आणि तुम्हाला कळतही नाही.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. खात्याचा ताबा दोघांकडे असू द्या, तिघांच्या वर नको.

परवानगी

‘फोटो काढू ना?’ आणि समोरची मान हलली, याला परवानगी म्हणत नाहीत. तुम्ही धान्याची पिशवी घेऊन आलेला असता, तेव्हा समोरचा माणूस नाही म्हणूच शकत नाही. म्हणून मदत वाटण्याच्या दिवशी परवानगी मागायचीच नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने जा.

भाषेचं बघा. म्यानमारहून आलेला प्रत्येक जण बर्मी वाचतो हा गैरसमज आहे. रोहिंग्यांची भाषा वेगळी आहे, म्यानमारमधल्या चिन या समाजात तर अनेक भाषा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रोमन लिपीत लिहितात. दुभाषा म्हणून वस्तीतला मुकादम किंवा घरमालक नको, कारण त्याच्यासमोर बाई खरं बोलणार नाही. घरातल्या मुलालाही दुभाषा करू नका.

मग पर्याय एकेक करून ठेवा: नाव आणि चेहरा दोन्ही चालेल का, नाव बदलून चेहरा चालेल का, फक्त शब्द चालतील का, की काहीच नको? प्रत्येक पर्यायाबरोबर वाईटात वाईट काय होऊ शकतं तेही सांगा. ‘ही पोस्ट तुमच्या गावातले लोक पाहू शकतील, पोलीसही पाहू शकतील, आणि मी काढून टाकली तरी कोणी स्क्रीनशॉट ठेवलेला असेल’ हे वाक्य स्वच्छ उच्चारायचं. आणि या परवानगीचा मदतीशी, कार्डाशी किंवा दुसऱ्या देशात पाठवण्याशी काही संबंध नाही हे दोनदा सांगायचं.

पोस्ट तयार झाली की टाकण्याआधी ती त्यांना फोनवर दाखवा, वाचून दाखवा. काढून टाकायची असल्यास कोणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून द्या.

मुलांचे चेहरे नकोत. आईवडिलांनी हो म्हटलं तरी नकोत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने गुन्हा आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी पोक्सोचं कलम २३ आहे, आणि बलात्कार सोसलेल्या व्यक्तीची ओळख छापण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ची मनाई आहे. शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्हसुद्धा ओळखच असते.

फोटो

सर्वांत सुरक्षित फोटो तो, ज्यात चेहरा मुळात टिपलाच नाही. हात, पाठ, चुलीवरचं भांडं, शिवणयंत्रावरचं कापड. चेहरा टिपून नंतर झाकू म्हटलं तर मूळ फाइल फोनमध्ये आणि क्लाउडमध्ये राहतेच.

फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. आयफोनमध्ये हे प्रायव्हसीखाली लोकेशन सर्व्हिसेसमध्ये सापडतं, अँड्रॉइडमध्ये बहुधा कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्येच असतं. ते चालू असेल तर फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती पुसली जाते. ‘क्वालिटी चांगली राहावी’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी पुढे जाते. अनेक गटांत पत्ता इथूनच फुटतो.

झाकायचं असेल तर पूर्ण अपारदर्शक काळा चौकोन टाका. हलक्या पिक्सेलच्या चौकटी अंदाजाने उलगडता येतात, आणि फोनच्या मार्करची रेघ अर्धपारदर्शक असल्यास उजेड वाढवताच खालचं नाव दिसू लागतं. चौकोन टाकल्यावर त्या प्रतीचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढलेली असली तरी तिच्याखालचा मजकूर कॉपी करता येतो, तेव्हा पीडीएफ कधीच देऊ नका. यूएनएचसीआरचं कार्ड, पासपोर्ट, रुग्णालयाचा केसपेपर यांचे फोटो झाकूनसुद्धा लावायचे नाहीत. आणि कोणाकडे कोणती कागदपत्रं आहेत हे मजकुरातही लिहू नका.

आता फोटो मोठा करून चारही कोपरे बघा. मशिदीचा मनोरा, दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा क्रमांक, मोटारसायकलची नंबरप्लेट, भिंतीवर टांगलेला कुटुंबाचा फोटो, चष्म्यातलं प्रतिबिंब. यांतलं एक जरी असलं तरी वस्ती सापडते. व्हिडिओत आवाजही ओळखू येतो. सॉफ्टवेअरने जाड-बारीक केलेला आवाज परत मूळ पट्टीत आणता येतो, म्हणून त्या माणसाचे शब्द दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणं बरं. त्या ठिकाणाहून लाइव्ह जाऊ नका. तीन-चार दिवस जाऊ द्या.

दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी

२०१८ साली म्यानमारच्या लष्कराने प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात १९७१च्या ढाक्यातल्या मृतदेहांचा फोटो ‘बंगाल्यांनी मारलेले बर्मी’ म्हणून छापला होता (रोहिंग्यांना लष्कर ‘बंगाली’ म्हणतं). टांझानियात आश्रय घेतलेल्या रवांडाच्या निर्वासितांचा १९९६चा रंगीत फोटो काळापांढरा करून ‘म्यानमारमध्ये घुसणारे बंगाली’ म्हणून दिला होता. दोन्ही खोटे फोटो रॉयटर्सने उघडकीला आणले. निर्वासितांच्या बाजूचे लोकही नेमकं हेच करतात, फक्त कळवळ्यापोटी: जुना फोटो, दुसरा देश, नवं शीर्षक. आणि तुमचा एक फोटो खोटा निघाला की पुढचे दहा खरे फोटो कोणी मानत नाही.

तपासायला दहा मिनिटं लागतात. व्हिडिओ असेल तर तो थांबवून चार स्क्रीनशॉट घ्या: पहिली चौकट, पाटी किंवा वाहन दिसतं ती, सर्वांत रुंद दृश्य, आणि शेवटची. ते गूगल लेन्समध्ये टाका. टिनआय या फोटो शोधायच्या साइटवर निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात, जुना फोटो तिथे पटकन सापडतो. जागा ओळखायला यांडेक्स या रशियन सर्च इंजिनचा फोटो-शोध पुष्कळदा चांगला चालतो. मग पाट्यांची लिपी, गणवेश, वाहन रस्त्याच्या कुठल्या बाजूने चाललंय, अंगावरचे कपडे आणि सांगितलेला महिना जुळतात का ते बघा. काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं होत नाही. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन स्रोत मिळेपर्यंत थांबा. ‘खात्री नाही, पण शेअर करतोय’ ही ओळ पुढच्या फॉरवर्डला गळून पडते आणि उरतो फक्त फोटो.

एआयने बनवलेली चित्रं वापरू नका. मे २०२४मध्ये गाझातल्या रफाह शहराबद्दलचं असं एक चित्र इन्स्टाग्रामवर साडेचार कोटींहून जास्त वेळा शेअर झालं. त्यात एकसारख्या तंबूंच्या रांगा होत्या, खरा माणूस एकही नव्हता, आणि जीव धोक्यात घालून खरे फोटो काढणाऱ्या गाझातल्या छायाचित्रकारांचं काम त्या ढिगाखाली गेलं.

मजकूर आणि मागणी

एका पोस्टमध्ये एकच मागणी. ती अशी हवी, की वाचणारा उठून काहीतरी करू शकेल. नमुना बघा.

कच्चा मसुदा: ‘निर्वासितांवर अन्याय होतोय, आवाज उठवा!’

सुधारलेला: ‘जन्मदाखला नाही म्हणून निर्वासित मुलाला शाळेत घेतलं नाही, असं तुमच्या भागात घडलं तर मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायदा, २००९चं कलम १४ दाखवा. वयाचा पुरावा नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. अर्जाचा मराठी नमुना हवा असेल तर मेसेज करा.’

दुसऱ्यात कोणाचंही नाव, वस्ती, देश नाही, तरी काम होतं. अशाच पोस्ट सर्वांत जास्त काळ उपयोगी पडतात.

पूर, लोंढे, लाट, टोळधाड हे शब्द माणसांसाठी वापरू नका, चांगल्या हेतूनेही नको. ‘बिचारे’ही नको. मिझोरामबद्दल लिहिताना हे खास सांभाळा. म्यानमारमधल्या २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथे तीस हजारांहून जास्त चिन लोक आले आणि गावांनी, चर्चनी त्यांना आपल्या घासातला घास दिला. दोन्ही बाजूंचे लोक एकाच वंशाचे, नात्यातले. ‘निर्वासितांचा भार’ हे शीर्षक तिथल्या यजमानांनाही लागतं.

एक्सवर २८० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीत मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘निर्वासित’ डोळ्यांना चार अक्षरी, पण मोजणीत नऊ. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते. म्हणजे हाती उरतात चाळीसेक शब्द. लांब मजकूर फोटोत घालून लावणार असाल तर १०८० बाय १३५० पिक्सेलचा आकार घ्या, मुक्ता किंवा बलूसारखा जोडाक्षरं नीट दाखवणारा फाँट वापरा, आणि रफार योग्य अक्षरावर बसलाय का ते दोन वेगळ्या फोनवर बघा. तोच मजकूर वर्णन म्हणून ऑल्ट टेक्स्टमध्येही टाका, दृष्टिहीन वाचकाला तो ऐकता येतो.

पोस्टमध्ये बर्मी ओळ घालायची असेल तर जास्त सावध राहा. म्यानमारमध्ये बरीच वर्षं झॉजी नावाचा जुना फाँट चालत होता, सरकारी पातळीवर युनिकोडकडे वळण्याची सुरुवात ऑक्टोबर २०१९मध्ये झाली. जुन्या फोनवरून आलेला मजकूर तुमच्याकडे विस्कटलेला दिसतो. तयार चित्र बर्मी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय लावू नका.

२० जूनला, जागतिक निर्वासित दिनी, सगळेच लिहितात. तुमची खरी गरज नोव्हेंबरात असते, ब्लँकेट लागतात तेव्हा, आणि जूनच्या सुरुवातीला, शाळाप्रवेशाच्या वेळी. सप्टेंबर २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या दोन वर्षांच्या आलान कुर्दीच्या फोटोने जग हललं, देणग्या एकदम वाढल्या आणि काही आठवड्यांत पुन्हा खाली आल्या. लोकांचं लक्ष असेल त्या आठवड्यात एकदाच मोठी रक्कम मागण्यापेक्षा दरमहा शंभर रुपये देणारे पन्नास जण जोडून घ्या.

पैसे

स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी नको. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावरच द्यायला सांगा आणि संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आहे का ते विचारून घ्या. क्यूआर कोड लावताना स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसेल ते मजकुरात लिहा. पोस्ट चोरून क्यूआर बदलणारे लोक असतात, आणि नाव लिहिलेलं असलं तर देणारा थबकतो.

परदेशातल्या मराठी मंडळींना आवाहन करण्याआधी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण तोच माणूस अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊही शकत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे पाठवा, आम्ही पुढे पोहोचवतो’ हे आश्वासन देऊ नका.

आवाहनात किती हवं, कशासाठी आणि कोणत्या तारखेला बंद, हे तिन्ही लिहा. रक्कम पूर्ण झाली की त्याच पोस्टवर ‘बंद’ लिहा. कमेंटमध्ये कोणी ‘कार्ड काढून देतो’, ‘कॅनडाला पाठवतो’ म्हणत नंबर टाकला तर लगेच काढा. यूएनएचसीआर कोणत्याही सेवेचे पैसे घेत नाही आणि गरजू माणूस नेमका या सापळ्यात अडकतो.

शिवीगाळ आणि त्यानंतर

पोस्ट टाकल्यावर पहिले दोन तास कोणीतरी जागं असलं पाहिजे. रात्री अकराला टाकून झोपू नका. इन्स्टाग्रामच्या हिडन वर्ड्समध्ये (नको त्या शब्दांच्या कमेंट लपवणारी सेटिंग) शिव्यांची यादी भरा: देवनागरीत, रोमन लिपीत, आणि मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्येही. द्वेषाची पोस्ट ‘बघा हे लोक काय लिहितात’ म्हणून शेअर करू नका, त्याने ती तुमच्या वाचकांपर्यंतही पोहोचते.

तक्रार करताना फक्त बटण दाबून थांबू नका. २०१५च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी समजणारे केवळ दोन तपासनीस होते असं रॉयटर्सने नंतर दाखवून दिलं, आणि म्यानमारमध्ये हिंसाचार भडकवण्यासाठी आपला वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीने नोव्हेंबर २०१८मध्ये मान्य केलं. तोवर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पोहोचले होते. मराठीतली टोमण्याची धमकीही यंत्राला कळत नाही. म्हणून आधी लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपा, मग त्या कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला साध्या भाषेत अर्थ समजावून लिहा. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. थेट धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पण निर्वासित माणसाचं नाव तक्रारीत घालण्याआधी त्याला आणि वकिलाला विचारा.

महिन्यातून एकदा जुन्या पोस्ट उघडा आणि ज्यांच्याबद्दल आहेत त्यांना फोन करा. परिस्थिती पालटते: घर बदलतं, मागच्या देशात सरकार बदलतं, मुलगी मोठी होते. नको म्हणाले तर त्याच दिवशी काढा. हायलाइट्स, व्हॉट्सॲप चॅनेल, भागीदार संस्थेचं पान आणि स्वतःच्या फोनची गॅलरी, चारही ठिकाणी. आणि ‘रीसेंटली डिलीटेड’ नावाचं फोल्डर रिकामं करायला विसरू नका, तिथे फोटो पुढचे काही आठवडे पडून असतो.